उलटा खेळ

कोल्हापूरच्या माणसाला सिनेमातलं काही सांगायला जाऊ नये. बाकीच्या गावांत लोक सिनेमा बघतात. आमच्या गावानं तो केलेला आहे. कॅमेरा विकत मिळण्यासारखा नव्हता म्हणून बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी तो घरीच करायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढून दाखवला. पुढे १९२९ मध्ये 'प्रभात' इथेच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आमच्या गल्लीतले म्हातारे ही हकीकत मुलगी सासरी गेल्यासारखी सांगत, आणि सासर काही फारसं चांगलं मिळालं नाही असा सूर लावून थांबत.

शिवाय भालजी पेंढारकर होते. भालजींच्या ऐतिहासिक चित्रपटात ज्याच्या नात्यातल्या एकानं तरी भाला धरलेला नाही, असं घर त्या काळी कोल्हापुरात शोधून सापडलं नसतं. आमच्याकडून हे कर्तव्य आबांच्या एका चुलतभावानं पार पाडलं होतं. तो चित्रपट आम्ही सगळ्यांनी मिळून तीन वेळा पाहिला. गर्दीत डावीकडून तिसरा फेटा तो त्यांचा, असं ठरलेलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं की तो चौथा.

अशा गावात, अशा घरात, १९६८ च्या मे महिन्यात बापूकाका प्रोजेक्टर घेऊन आले.

बापूकाका जहाजावर नोकरीला. दोन वर्षांनी महिनाभर यायचे आणि येताना पेटी भरून अशा वस्तू आणायचे की त्यांचं काय करायचं हे ते परत जाईपर्यंत कुणाला कळत नसे. त्या खेपेला ८ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा, फिल्मचे चार रोल आणि शिवणयंत्राएवढा प्रोजेक्टर निघाला. आजीनं आधी विचारलं, "ह्यावर शेवया होतात का?"

एक रोल म्हणजे चार मिनिटं. अगदी हिशेबच सांगायचा तर ५० फूट, फुटाला ८० चित्रं, सेकंदाला १६. झाली चार मिनिटं आणि वर दहा सेकंद. त्यातही गंमत अशी की मुळात रोल यायचा २५ फुटांचा आणि दुप्पट रुंदीचा. एक बाजू काढून झाली की रीळ उलटं घालून दुसरी बाजू काढायची. मग फिल्म धुणारे ती मधून उभी चिरून दोन्ही पट्ट्या जोडून द्यायचे. रीळ एकदा उलटं घातलं की नाही हे लक्षात ठेवणं एवढंच काम कॅमेरावाल्याला असे, आणि बापूकाकांना तेवढंच जमलं नाही. परिणामी एका रोलवर काकी हळदीकुंकू लावते आहे आणि तिच्या तोंडावरून गंगावेशीतली म्हैस शांतपणे रवंथ करत जाते आहे, असा देखावा कायमचा उमटला. काकी त्यानंतर बापूकाकांशी दोन दिवस बोलली नाही. म्हणजे फिल्म धुऊन आल्यावर. तोवर काका एडनच्या पुढे गेले होते, त्यामुळे तो अबोला तिला पत्रानं कळवावा लागला.

चित्रीकरणाच्या वेळी मुख्य अडचण अशी की आमच्या घरातल्या कुणालाच कॅमेऱ्यासमोर हलता येत नव्हतं. फोटोची सवय. बापूकाकांनी कॅमेरा डोळ्याला लावला की सगळे श्वास रोखून खांबासारखे उभे. काका ओरडायचे, "अरे हाला! हाला की! पैसे पडलेत हलायचे!" मग अण्णा, म्हणजे माझे वडील, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवायचे. परेडमध्ये 'दाहिने देख' म्हणतात तशी.

एकटे आबा तेवढे नीट हलले. कारण आपलं चित्र निघतंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. संस्थानी नोकरीतून निवृत्त झालेले आमचे आबा रोज संध्याकाळी ठीक साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला निघत. काळी टोपी, कोट, हातात छत्री. मे असो की डिसेंबर. ते दारातून बाहेर आले, पायरीवर बसून त्यांनी पायताण घातलं, उठले, आत वळून काहीतरी म्हणाले, अंगणातून चालत फाटकापर्यंत गेले, फाटक उघडलं, लावलं आणि दिसेनासे झाले. जेमतेम पंधरा सेकंद. बापूकाका विहिरीच्या कठड्यामागून हे टिपत होते.

फिल्म धुवायला बाहेरगावी गेली आणि पावसाळा संपता संपता परत आली. प्रोजेक्टर काका मागेच ठेवून गेले होते. तो कसा चालवायचा हे सांगणारं इंग्रजी पुस्तक अण्णांनी एकादशीच्या दिवशी उपाशीपोटी वाचून काढलं. सोप्यात आबांचं धुतलेलं धोतर भिंतीवर ताणून बांधलं. आळीतले लोक आपापले पाट घेऊन आले. आणि शेजारचे आप्पा आले.

आप्पांची ओळख करून द्यायलाच हवी. ते गावातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. वीस वर्षं त्यांनी कार्बनच्या दिव्याच्या उजेडात, भिंतीतल्या चौकोनी भोकातून सिनेमे पाहिलेले. नायिका मेली की बाकीचे रडत. आप्पा रीळ बदलत. आमचा प्रोजेक्टर पाहून त्यांच्या चेहऱ्यावर पैलवानानं बालवाडीतली लेझीम पाहावी तसा भाव आला. "बरं हाय," म्हणाले, "खेळणं बरं हाय. पन ह्ये बटन कशाचं?"

त्या बटनावर एक उलटा बाण होता.

आप्पांच्या मशीनला असलं बटन नव्हतं. थेटरात मागं जाण्याची गरज कुणाला? मागे जायचंच असेल तर दुसरं तिकीट काढून पुढच्या खेळाला यावं. पण घरगुती प्रोजेक्टर करणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव ओळखून ते बटन ठेवलं होतं, आणि अण्णांनी ते फिरवलं.

त्या रात्री आमच्या सोप्यात जे हसू झालं तसं पुढे कधी झालं नाही. पडद्यावर गंगावेशीतला गवळी होता. कोल्हापुरात म्हैस समोर आणून, पिळून, फेसाळतं दूध तिथल्या तिथे पाजायची चाल आहे. ते बापूकाकांनी मन लावून टिपलं होतं. आता चरवीतलं दूध धारेधारेनं वर उडून म्हशीच्या आचळात शिरू लागलं. चरवी रिकामी झाली. गवळ्यानं ती झटकली आणि मागे मागे चालत निघून गेला. गवळ्याचं नुकसान झालेलं आळीनं प्रथमच पाहिलं, आणि ते इतकं आवडलं की चार वेळा पाहिलं. माझा चुलतभाऊ पंचगंगेत उडी मारतो, तिथे सगळं पाणी गोळा झालं आणि त्यानं त्याला कोरडा ठाक घाटावर भिरकावून दिला. तालमीत चीत झालेला पैलवान जमिनीवरून उसळला, वरच्यानं त्याला अलगद उभा केला, आणि दोघं हात मिळवून शहाण्यासारखे दूर झाले.

पुढे मला कळलं की ह्यात आमचं कौतुक काही नाही. सिनेमा जन्मल्याबरोबर लोकांना पहिला हा चाळा सुचला होता. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चित्रांचा जो पहिला खेळ झाला, त्यात भिंत पाडण्याचं एक चित्र होतं. हेच चित्र ल्यूमिएर मंडळी आधी सुलटं आणि मग उलटं दाखवत. धुरळा खाली बसे आणि पडलेली भिंत आपली आपण उभी राही. आपल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, तसंच यंत्र मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीच टिपली. ती त्यांनी कधी उलटी चालवून पाहिली की नाही कोण जाणे. माणूस मराठी, यंत्र नवीन आणि घरात पोरं असतील तर पाहिली असणार, असा माझा अंदाज.

सगळा सोपा हसत होता तेव्हा आजी तेवढी उठून स्वयंपाकघरात गेली. "उलट्या पावलांनी कोण चालतं, ठाऊक आहे ना?" तिनं आतून विचारलं. आम्हाला ठाऊक होतं. उलट्या पावलाच्या बायका आमच्या आळीतल्या प्रत्येक पिंपळावर राहायला होत्या. "जितीजागती माणसं अशी चालवू नयेत. बंद करा ते." आबा म्हणाले, "अगं, गंमत आहे." पण आपलं चित्र त्यांनी एकदाच, सुलटं पाहिलं आणि म्हणाले, "कोटाला इस्त्री नव्हती." त्यांचं परीक्षण एवढंच.

आप्पा हसले नव्हते. ते प्रोजेक्टरजवळ उकिडवे बसून आतलं बघत होते. खेळ संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मशीन पुढे माझ्याच ताब्यात येणार हे त्यांनी ओळखलं असावं.

"बाळ, पायजम्यात नाडी घालतोस न्हवं?" ते म्हणाले. "वढली की सरळ येती. ढकलली की काय हुतं?"

"आत गोळा होते."

"मग! फिल्म बी नाडीच हाय."

त्यांनी मला सगळं दाखवलं. फिल्म काही सरसर वाहत नाही. दर सेकंदाला सोळा वेळा ती थांबते आणि सोळा वेळा हलते. एक बारीक नखासारखा दाता भोकात शिरतो, एक चित्र खाली ओढतो, बाहेर पडतो, वर जातो, पुन्हा शिरतो. पुढे चालताना ही ओढ असते. उलटं चालताना तोच दाता फिल्मला खिडकीतून वर ढकलतो, आणि वीतभर पातळ पट्टी ढकलली की ती फुगते, वाकडी होते, दाता भोकात न शिरता भोकाच्या काठावर बसतो. काठ तुटतो. खिडकीच्या वर आणि खाली फिल्मचा सैल वळसा सोडलेला असतो, त्याला लूप म्हणायचं. एकीकडे थांबत थांबत जाणारी आणि दुसरीकडे सारखी ओढली जाणारी फिल्म ह्या दोघींचं भांडण तो लूप मिटवतो. धावत्या मशीनचं बटन एकदम उलटं फिरवलं की लूप जातो, फिल्म ताणली जाते आणि भोकं ओळीनं उसवतात, सदऱ्याची काजं उसवावीत तशी. "आदी थांबवायचं, मग फिरवायचं," आप्पा म्हणाले. हे इंग्रजी पुस्तकातही होतं. पण आमच्याकडे पुस्तकातलं कुणी तोंडी सांगितल्याशिवाय पटत नसे.

आणखी एक होतं. उलटं चालताना वरचं रीळ फिल्म गुंडाळून घेतं, त्याला फिरवणारा स्प्रिंगचा पट्टा आमच्या मशीनमध्ये ढिला होता. त्यामुळे उलट्या खेळात निम्मी फिल्म जमिनीवर यायची. एकदा ती शेंगदाण्याच्या फोलपटांत पडली. फोलपटं झटकली, पण बारीक कचरा खिडकीत बसला आणि त्यानंतर पंचगंगेच्या घाटावर कायमचा पाऊस पडू लागला. चुलतभावानं भर उन्हाळ्यात, मुसळधार पावसात उडी मारली आहे, असंच आमची पुढची पिढी समजते.

आप्पांचं ऐकून अण्णांनी फर्मान काढलं, की उलटं चालवायचं नाही. दोन वर्षं ते पाळलं गेलं. म्हणजे अण्णा घरी असताना.

आबा १९७० च्या श्रावणात गेले. आजारी बिजारी काही नव्हते. फिरायला जाऊन आले, जेवले, झोपले. साडेपाचची वेळ पाळणाऱ्या माणसानं हे काम मात्र वेळ न सांगता उरकलं.

दिवाळी झाली. एका शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. आजी माजघरात वाती वळत होती. वळता वळता म्हणाली, "ते यंत्र चालतंय का रे अजून?"

मी म्हटलं, "चालतं की."

"ह्यांचं आहे ना त्यात?"

मी धोतर बांधलं. धोतर आबांचंच होतं, हे बांधताना लक्षात आलं. पण दुसरं काही पांढरं सापडेना. खिडक्या लावल्या. आबा दारातून आले, पायताण घातलं, वळले, काहीतरी म्हणाले, चालत गेले, फाटक लागलं. आजी बघत राहिली. नंतर म्हणाली, "काय म्हणाले, कळलं का?"

फिल्मला आवाज नव्हता. मी म्हटलं, "नाही."

"'येतो' म्हणाले. रोज तेच म्हणायचे. जातो म्हणू नये." मग थोडा वेळ वातीच वळल्या. "'येतो' म्हणून गेलेत. मग येऊ देत की."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा आप्पांची नाडी आठवली, अण्णांचं फर्मान आठवलं, आणि पिंपळावरच्या बायकाही आठवल्या. त्या तर आजीनंच सांगितल्या होत्या. मी मशीन थांबवलं. पूर्ण थांबू दिलं. मग बटन फिरवलं.

फाटक उघडलं. आबा पाठमोरे आत आले, पाठीनं अंगण ओलांडून पायरीपाशी पोचले, दाराकडे तोंड करून काहीतरी म्हणाले, खाली बसले, पायताण काढलं, आणि दारातून घरात गेले. उलट्या पावलांनी, पण घरात.

आजी म्हणाली, "छत्री आणली परत. नाहीतर विसरायचे."

त्यानंतर दर शनिवारी आमच्या माजघरात दुपारचा खेळ होऊ लागला. प्रेक्षक एक, ऑपरेटर एक. गवळी, पंचगंगा, पैलवान यांना आजीनं रजा दिली. तिला फाटकापासून पायरीपर्यंतचेच आबा हवे असत. पुन्हा लाव, पुन्हा लाव. सुलटं चालवताना ती वातींकडे बघे. उलटं लागलं की मान वर करी. पायरीपाशी आले की "थांबव जरा," म्हणे. ते तर सगळ्यात वाईट. पाचशे वॅटचा दिवा, त्याच्यासमोर करंगळीच्या नखाहून लहान चित्र. थांबवलं की उष्णता अडवायला एक जाळी आपोआप खाली येई आणि चित्र अंधारे. तरीही फिल्म तापून फुगे आणि आबा धूसर होत. आजीला वाटे संध्याकाळ झाली.

पायरीपासून फाटकापर्यंत आबा किती होते ते मी एकदा मोजलं. वीतभर फिल्म. साठ चित्रं. पावणेचार सेकंद.

आणि ती वीतच जाऊ लागली. बाकीचा रोल धडधाकट; तेवढ्याच जागी भोकं उसवलेली. मी गुपचूप आप्पांकडे घेऊन जायचो. ते काही विचारत नसत. दिव्याजवळ धरून बघत, "हं" म्हणत, फाटलेली दोन चित्रं कात्रीनं उडवत, एका टोकाचा मसाला ब्लेडनं खरवडत, त्यावर दुसरं टोक ठेवून फिल्म सिमेंटनं चिकटवत आणि दाबून धरत. वास डोक्यात जाई. पण जोड म्हणजे एकावर एक चढवलेली फिल्म. तिथे पायरी होते. "कौलं कशी घालत्यात?" आप्पा म्हणाले. "वरनं पानी आलं तर निघून जातंय. खालनं वर आलं तर घरात. जोड बी कौलागत. पुढं जाताना गुमान जाईल. मागं आला की खिडकीत अडकनार." म्हणजे जितके जोड अधिक तितकं उलटं चालणं अवघड, आणि जितकं उलटं चालवावं तितके जोड अधिक. सावकारी व्याजाचा हा प्रकार बाबूराव पेंटरांनी पडद्यावर दाखवला होता. तो फिल्मलाच लागू पडेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

एकदा मी धीर करून विचारलं, "आप्पा, आजीला नको म्हणून सांगू का?"

आप्पा बराच वेळ जोड दाबून बसले होते. म्हणाले, "वन्स मोअर आला तर पडदा पाडायचा नसतो. नाटकवाल्याचा गळा बसतोय, आपली भोकं जात्यात. जाऊ देत."

दर जोडाला दोन चित्रं गेली की आबांची चाल बदले. आधी ते फाटकापासून पायरीपर्यंत सात पावलं टाकत. मग सहा झाली. मग पाच, त्यात एक उडी. संधिवातानं आयुष्यभर गुडघा धरून चालणारा माणूस मरणोत्तर तुरुतुरु चालू लागला. आजीला ते दिसत होतं. एकदा म्हणाली, "आताशा लवकर येतात."

१९७२ च्या उन्हाळ्यात एका शनिवारी आबा अंगणाच्या मध्यावर अडकले. जोड खिडकीत बसला होता. मोटर चालूच, त्यामुळे जाळी खाली आली नाही. धोतरावर आबांच्या छत्रीच्या टोकाशी एक तपकिरी ठिपका दिसला, तो फुगला, त्याला बुडबुडे आले, आणि पाहता पाहता तो छत्री, कोट, टोपी खात सगळ्या अंगणभर पसरला. घरगुती फिल्म पेटत नाही एवढं बरं. जुनी सिनेमावाल्यांची नायट्रेटची फिल्म असती तर घर गेलं असतं. ही नुसती वितळते. मी प्लग उपटला. माजघरात काळोख, जळक्या वासाचा धूर, आणि धोतर पांढरं.

मी रडायला लागलो. बारा तेरा गणितं चुकली तरी न रडणारा मी, चांगला पंधरा वर्षांचा घोडा.

आजीनं उठून खिडकी उघडली. पदरानं धूर हाकलला. धोतर सोडून त्याची घडी घातली.

"राहू दे आता," ती म्हणाली. "किती येरझाऱ्या घालायला लावायच्या त्यांना? दमले असतील."

प्रोजेक्टर माळ्यावर गेला. त्याच्या शेजारी नंतर शेवयांचं यंत्र, माझी सायकल आणि अण्णांचा रेडिओ असे एकेक मानकरी जाऊन बसले. आजी १९७९ साली गेली. शनिवारच्या खेळांबद्दल तिनं कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. अण्णांना शेवटपर्यंत वाटत होतं की ती वीतभर फिल्म उंदरांनी खाल्ली. उंदरांवरचा तो आळ मी काढला नाही.

गेल्या वर्षी मुलानं डबे खाली काढले. एक उघडला तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास. जुनी ॲसिटेटची फिल्म अशीच आंबते, आक्रसते, आणि आक्रसली की भोकांमधलं अंतर दात्याला जुळत नाही. अशा फिल्मला प्रोजेक्टर सुलटा चालवला तरी फाडतो. मुलानं ती मुंबईला पाठवली. तिथे आता दाते नसलेलं यंत्र असतं म्हणे. फिल्म रबरी रुळांवरून घसरत जाते, थंड दिव्यासमोर तिच्या एकेका चित्राचा फोटो निघतो, भोकांना कुणी बोटही लावत नाही. आप्पांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "बरं हाय."

तिथल्या मुलाचा फोन आला. "काका, बाकी सगळं छान निघालंय. पण एके ठिकाणी दोन फुटांच्या आत चौदा जॉइंट आहेत. तिथं नक्की काय झालं होतं?"

मी म्हटलं, "वन्स मोअर."

आता सगळं मोबाइलवर आहे. गवळी, पैलवान, पावसातली पंचगंगा, काकी आणि म्हैस. बोट फिरवलं की पुढे, बोट फिरवलं की मागे. शंभरदा करा, एक काज उसवत नाही. माझी सहा वर्षांची नात दिवाळीत तोच उद्योग करत होती. दूध म्हशीत घालून झालं, काका घाटावर फेकून झाला. मग फाटक आलं. ते उघडलं, आबा त्यात पाठमोरे उभे राहिले, आणि पुढच्याच क्षणी पायरीवर बसून पायताण काढत होते.

तिनं पुन्हा मागेपुढे करून पाहिलं. पुन्हा तेच.

"आजोबा, हे आजोबा एकदम घरात कसे आले?"

मी म्हटलं, "घाईत होते."